या की जा?

आमचा बंड्या पिटबुल आहे म्हटल्यावर मांडवीतली अर्धी वस्ती आमच्याकडे यायची बंद झाली. खरं तर माणूस दिसला की तो आनंदानं वेडा होतो. हिनं लाडानं "या, या!" म्हटलं की धावत येतो.

परवा शेजारचे सदूभाऊ धीर करून चहाला आले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

"येतो हां!"

"या, या!" मी म्हटलं. ओटीवरून बंड्या सुसाट आला. सदूभाऊ थेट कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर चढले!

"या हो खाली, काय नाय करत तो!"

बंड्यानं गडग्याकडे उडी घेतली. आपल्याला बोलावतायत की त्यांना, त्याला कळेना. "अरे, 'या' म्हणू नको रे!" सदूभाऊ किंचाळले.

"अहो, निघालेल्या माणसाला 'जा' कसं म्हणू?"

"मेलो तरी चालेल," सदूभाऊ वरून ओरडले, "पण मला 'जा' म्हण!"