सेंतेनोचा शर्ट

अल्मा : नाही शिवणार. घेऊन जा तो शर्ट.

नॉर्मां : आई, पाठीवर नुसतं नाव लावायचंय. थिबोदो. तुझंच आडनाव.

अल्मा : तुझ्या बापाचं. मी फक्त सांभाळलंय. आणि हा शर्ट दुसऱ्याचा आहे. उजेडात धर जरा. टाक्यांची भोकं दिसतात? सेंतेनो. याच शिलाईखोलीत माझ्या हातानं लावलं होतं मी. कुठल्या कसायानं उसवलंय हे?

नॉर्मां : सामानखोलीतल्या गाएताँनं. बेसबॉलचे सगळे खेळाडू संपावर आहेत, सेंतेनोच्या जागी मी चेंडू टाकणार.

अल्मा : आमच्याकडे त्याला संपफोड्या म्हणतात.

नॉर्मां : नऊ वर्षं खालच्या लीगमध्ये शिळी सँडविचं खात बसनं फिरलोय! उद्या पहिल्यांदा मॉन्ट्रियलच्या मोठ्या मैदानात उभा राहणार, आणि माझीच आई... टाबरनाक!

अल्मा : चर्चमधली भांडीकुंडी शिवी म्हणून तोंडात आणू नकोस माझ्यासमोर. सूतगिरणीत तुझा बाप संपावर होता, तेव्हा त्याच्या यंत्रावर शेजारचा ओविला जाऊन उभा राहिला. ओविलाच्या मयतीला गेले नाही मी. खिडकीतून बघत बसले.

नॉर्मां : बाबा उपाशी होते. सेंतेनोच्या दारात तीन गाड्या आहेत.

अल्मा : मग? भरल्या पोटाच्या माणसाची जागा पळवली तर ती चोरी नाही?

नॉर्मां : त्यांनीच संप करून आपलं वाटोळं केलं ना! गेल्या ऑगस्टमध्ये आपला संघ सगळ्यांच्या वर होता. विजेतेपद आपलंच होतं. तेवढ्यात सामनेच बंद. आता मैदानाचं नाव काढलं की लोक थुंकतात.

अल्मा : थुंकतील तुझ्याही पाठीवर. आणि तिथे लिहिलेलं असेल थिबोदो.

नॉर्मां : मी वर जावं असं तुला कधी वाटलंच नाही.

अल्मा : तो बिस्किटांचा डबा उघड. उघड म्हणते ना!

नॉर्मां : ही... ही माझ्या नावाची अक्षरं?

अल्मा : तू पहिल्या करारावर सही केलीस त्याच दिवशी कापली. चांगलं निळं कापड. तेव्हापासून वाट बघतेय, शहाण्या. पण दुसऱ्याच्या भोकांवर नाही लावणार.

(दार ढकलून गाएताँ येतो. हातावर शर्टांची चळत.)

गाएताँ : मादाम अल्मा, थांबा, शिवू नका! कोर्टानं खेळाडूंची बाजू घेतली. संप मिटला. नॉर्मां... तुम्हां बदलीवाल्यांना आजच घरी पाठवतायत, बाबा.

नॉर्मां : आजच? एक सामना तरी...

गाएताँ : नाही रे.

अल्मा : आण मग इकडे. सेंतेनोचं नाव परत लावते.

गाएताँ : तेही नको. लोक येणार नाहीत, एवढे पगार परवडत नाहीत, म्हणतात मालक. सेंतेनोला दुसऱ्या संघाला विकतायत. आणखी तिघांनाही. हे त्यांचे शर्ट. नावं उसवायची आहेत.

अल्मा : सगळ्यांच्या वर असलेला संघ, आणि भंगारवाल्याला द्यावा तसा? ठेव तिथे. आणि जा तू.

नॉर्मां : म्हणजे संप जिंकून सेंतेनोही गेला.

अल्मा : बस इथे. ही बारकी कात्री घे. आतल्या बाजूनं टाका काप. कापड ओढू नकोस.

नॉर्मां : मी?

अल्मा : मग कोण? एवढे शर्ट मी एकटीच उसवू?

नॉर्मां : ...आई, कितीही हळू काढलं तरी भोकं राहतातच गं.

अल्मा : राहतात. घरी वाटाण्याचं सूप आहे, जेवून जा. आणि तो डबा लाव आधी. अक्षरांवर धूळ बसते.