दिवाणजी भूत नव्हता

हसा तुम्ही, पण लग्नाला महिना झाला तरी आमची ही माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. माहेर दुधनीचं, घरात कानडी. मराठी चुकेल म्हणून गप्प. शेवटी तिला मॅटिनीला नेलं. झपाटलेल्या बंगल्याचा एक जुना सिनेमा नवे नट घेऊन पुन्हा, रंगीत काढला होता. जुना मी तीनदा पाहिलेला.

पांढऱ्या साडीतलं भूत दिसताच मी ऐटीत म्हणालो, "घाबरू नको. तो दिवाणजीच साडी नेसून हिंडतोय."

पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "सांगून टाकलं की हो सगळं!"

मध्यंतरानंतर बघतो तर दिवाणजी खाटेवर घोरतोय आणि त्याच्या उशाशी ती साडीवाली उभी! नव्या सिनेमात भूत खरंच होतं. मी "अगं आई!" म्हणून ओरडलो आणि बायकोचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या बाजूचे अनोळखी गृहस्थ म्हणाले, "माझा हात सोडा की हो. मला बी भ्या वाटायलंय."

ही पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेवट बघायचाच राहिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "रविवारी परत येऊ की. पण तुम्ही कडेला बसायचं. मग धरायला माझाच हात राहील."