तेरवीचं पान अजून गच्चीवरच आहे

जमलेल्या मंडळींनो, राम राम.

भाऊंच्या पोरानं, नितीननं, मला उभं केलं. "मावशी, गल्लीत तुम्हीच मोठ्या, दोन शब्द बोला." आता मी दुसरी शिकलेली बाई. पण पिशोरहून भाऊंची भावकी आली, एवढ्या उन्हाचं तुम्ही आलात. अन् मला आज बोलायचंच आहे. इतके दिवस गिळून बसले.

देविदासभाऊ माझे शेजारी. वायरमन होते, रिटायर झाले. त्यांच्या अन् माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच मान टाकली त्यांनी. मी भिंतीपलीकडून हाक मारत होते, भाऊ, भाऊ. नेहमी "काय आक्का" म्हणायचे.

तुम्ही जिथं बसलात ना, तिथं भाऊंची बाग होती. बाग कसली, मी उकिरडा म्हणायची. पाला झाडायचा नाय. काटक्यांचा ढीग, त्यात सरडे, मुंगूस. कोपऱ्यात फुटका माठ पालथा पुरलेला. म्हणलं, "भाऊ, हे काय?" तर म्हणे, "बेडकाचा बंगला." घ्या! कुंपणाला रुई वाढवली, फुलपाखराच्या अळ्यांसाठी. लोक अळ्या मारतात, हे पाळत होते.

अन् पाण्याचं परळ. मातीचं, पसरट. त्यात दगडं टाकलेली. मी म्हणलं, "दगडं शिजवायलेत का?" तर हसले. म्हणे, "आक्का, मधमाशीला पोहता येत नाय. दगडावर बसून पाणी पिते ती." माणसानं एवढा इचार करावा? माशीचा?

मी लई भांडले. पाला माझ्याकडं उडतो, साप निघंल. पण खरं सांगू? एकदा माझ्या कपड्याच्या दोरीला फुलचुखीनं घरटं केलं. एवढुसं, मुठीत मावंल असं. पिल्लं उडेपर्यंत मी त्या दोरीवर एक कपडा टाकला नाय. नातीला कडेवर घेऊन तास तास बघत बसायची. सून म्हणे, "आई, तुम्ही पण आता भाऊंच्या लायनीत गेल्या." व्हय, गेले होते. लई आनंद झाला होता मला. मग मी असं का केलं?

कसं केलं ते ऐका. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी नितीन गुलमंडीला गेला होता, दुखवट्याचे टॉवेल-टोपी आणायला. भाऊंच्या मालकीण शांतावहिनी आत पडून होत्या. मांडववाले आले. म्हणे, "आजी, इथं खांब कुठं रोवायचा? सगळा पालाच आहे." अन् मी म्हणलं, काढा सगळं. लोक येतील, बसायला जागा पायजे, भाऊंच्या घराला नावं ठेवतील.

मीच म्हणलं. नितीननं नाय.

अंगणातल्या कडुलिंबाच्या फांद्या मांडवाला आडव्या येत होत्या. म्हणलं, छाटा. त्यात कावळ्याचं घरटं होतं. मला माहीत होतं हो. भाऊ रोज भिंतीवर पोळीचा तुकडा ठेवायचे, ती जोडी तिथूनच उतरायची. खाली पडलं घरटं. दोन्ही कावळे तासभर आमच्या डोक्यावर ओरडत होते. मग गेले.

नितीन आला, म्हणे, "बरं केलं मावशी, मोकळं झालं." पण वहिनी दारात आल्या. अंगण बघितलं. एकच बोलल्या, "परळ कुठंय?"

परळ कचऱ्याच्या ट्रॉलीत गेलं होतं.

दहाव्याला गोदावरीवर पिंडाला कावळा लगेच शिवला. पण ते नदीचे कावळे, त्यांना भाऊ काय माहीत? आज तेरवी. दुपारी गच्चीवर पान ठेवलं, भाऊंच्या आवडीची मेथी, खीर, सगळं. मी चार वेळा जिना चढले या गुडघ्यांनी. पान तसंच. मुंग्या लागल्यात. आत बायका म्हणायल्या, भाऊंची काही इच्छा राहिली असंल. नाय गं बायांनो. ज्या कावळ्याला भाऊंनी जन्मभर खाऊ घातलं, त्याचं घर मी मोडलं. तो कशाला येईल?

नितीन, बाळा, सोमवारी तू या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवणार आहेस. गाडी लावायला. बाहेर थप्पी बघितली मी. मोकळं मी करून दिलं, म्हणून तुला सुचलं. तर मीच पदर पसरते. नको बसवू. गाडी माझ्या दारात लाव, मला कुठं गाडी आहे? पाला मी आणते. माठ मी पुरते. तो बेडूक आहे अजून. माझ्या मोरीत येऊन बसलाय, दगडासारखा. नात रोज त्याला "भाऊ आजोबा" म्हणते. मी रागावत नाय.

अन् हे परळ. नवं आहे. दगडं याच अंगणातली, धुऊन आणलीत. वहिनी, तुम्ही पाणी घाला. माझ्या हातानं नको.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं काही बोलू नका. पायाखाली बघा. वर पान आहे, ते कुणी उतरवू नका.

भाऊ, आक्काचं चुकलं. राम राम.