अर्धा इंच

भाची: मावशी, मशीन बंद कर ना. फोन आला तर ऐकू येणार नाही.

मावशी: मला येतं ऐकू. तू आधी खाली बस. सकाळपासून दुकानभर येरझाऱ्या घालतेयस, सगळ्या चिंध्या पायात घेऊन.

भाची: काय बोलणार, ते पुन्हा एकदा सांग.

मावशी: माझी भाची आहे, गुणी आहे...

भाची: भाची नाही म्हणायचं. ‘त्यांनी माझ्या दुकानासाठी मापांचा प्रोग्राम केला, कधी अडचण आली नाही.’ एवढंच.

मावशी: त्यांनी? अगं, नाक पुसलंय तुझं मी. आता अहो-जाहो करू?

भाची: कर. कंपन्या नवख्यांसाठी जागा आहे म्हणतात आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागतात. मुलाखतीत ही पहिलीच बाई भेटली, जी म्हणाली, तुमचं काम जे वापरतात त्यांच्याशी बोलते, मग ठरवते. आता सगळं तुझ्यावर आहे.

मावशी: मी पहिल्यांदा काम मागायला गेले, तेव्हा टेलरमास्तरांनीही विचारलं, आधी कुठे शिवलंस? मी तुझ्या आईलाच घेऊन गेले होते, मी शिवलेला फ्रॉक तिला घालून. एवढीशी होती. मास्तरांनी फ्रॉकचा घेर उलटा केला...

भाची: आत्ता नको गं. शंभरदा ऐकलंय.

मावशी: शेवट कधी ऐकलायस? दर वेळी मध्येच उठतेस.

(फोन वाजतो.)

भाची: घे. स्पीकरवर ठेव.

कंपनीतली बाई: नमस्कार. तो मापांचा प्रोग्राम तुम्ही वापरता ना?

मावशी: रोज. त्यांनी फार... अहो, ती भाची आहे माझी. मला नाही जमत हे.

कंपनीतली बाई: असू दे. कधी काही अडचण आली?

मावशी: आली की.

भाची: मावशी...

मावशी: अर्धा इंच खायचा तो. साडेपंधरा घातलं की नुसते पंधरा ठेवायचा. मीही पडद्यावर दिसलं तसं कापत गेले. बँडवाल्यांचे सगळे शर्ट गळ्याला आवळले. कर्णेवाला तर वाजवायच्या आधीच लाल झाला.

कंपनीतली बाई: मग?

मावशी: मग ही आली. प्रोग्राम सुधारलाच, वर त्यांच्या तालमीला जाऊन एकेकाचा गळा मापून आणला. कॉलरी उसवायला बसली माझ्याबरोबर. बोटांत सुया टोचून घेतल्या, पण उठली नाही.

कंपनीतली बाई: आता अर्धा इंच राहतो?

मावशी: पाव इंचसुद्धा राहतो.

कंपनीतली बाई: बरं. कळवते मी. ठेवते.

भाची: झालं. संपलं. एक वाक्य होतं तुझं, मावशी. एकच.

मावशी: तिनं विचारलं, मी सांगितलं.

भाची: कर्णेवाल्याला कशाला मध्ये आणायचं?

मावशी: मास्तरांनी घेर उलटा केला, तर आत एक शिवण उसवून पुन्हा घातलेली. जुनी भोकं दिसत होती. मी रडायच्याच बेतात होते. ते म्हणाले, उद्यापासून ये.

भाची: का?

मावशी: ते कधी बोलले नाहीत.

भाची: ...मेसेज आलाय. तू वाच. मला नाही बघवत.

मावशी: थांब, चष्मा लावू दे. ‘सोमवारपासून या. तीन महिने शिकाऊ म्हणून, पुढचं नंतर बघू. येताना अर्धा इंच खाणारा जुना प्रोग्रामही आणा.’

भाची: पुन्हा वाच.

मावशी: सोमवारपासून म्हणतेय. म्हणजे उद्या आहेस तू. ते खिशाचं माप अजून मधूनच गायब होतं बघ, तेवढं बघून जा.