दोनदा शिवलेलं पोतं

गौरवी : ‘आधी शिवण बघ, मागीर चिठ्ठी वाच.’ शाळेतून येऊन मी ह्याच फळीवर बसायचे, तेव्हा तुम्हीच सांगायचात, काका. आज शिवणच बघतेय.

कृष्णनाथ : बघ गो बाये. बीज निरीक्षक झालीस आणि माझ्या बियाण्याच्या दुकानातली कपभर च्या कडू झाली?

गौरवी : सोमवार आहे, उपास. हे बघा, पोत्याच्या तोंडाला सुईच्या भोकांच्या दोन ओळी. एकीत दोरा, दुसरी रिकामी.

कृष्णनाथ : उंदीर लागतात गो पोत्यांना.

गौरवी : ओळ आखून?

कृष्णनाथ : जीभ आईची घेतलीस.

गौरवी : चिठ्ठीवर तारीख यंदाची. आतलं भात कधीचं?

कृष्णनाथ : गेल्या सालचं. उरलेलं. नवा माल येईना आणि लोक दारात उभे. मी दिलं नसतं तर कुठून तरी काहीतरी उचलून आणलं असतं त्यांनी. आणि मी मूठभर भिजवून बघितलं ना! मोड आले.

गौरवी : मूठ वरची की तळाची?

कृष्णनाथ : वरची.

गौरवी : तळाला बुरशीचा डाग आहे. पावसाळाभर ओल्या जमिनीवर होता.

कृष्णनाथ : बियाणं खोटं नाही. चिठ्ठी तेवढी नवी.

गौरवी : चिठ्ठीवर भरवसा ठेवूनच माणूस पेरतो ना? नमुना घेतेय. एक भाग तुमच्याकडे, एक प्रयोगशाळेत, एक आमच्याकडे. बाकी पोती सील, विक्री बंद.

कृष्णनाथ : तुझ्या पाळण्याची दोरी मी ओढलेली.

गौरवी : म्हणून दुसऱ्या कोणाला न पाठवता स्वतः आले. सही करा. आणि कोणी कोणी नेलंय, सांगा.

शेवंती (दारातून) : कृष्णनाथदादा, आसात मगे? अगो, गौरवी पण! बरां झालां. दादा, तुमच्याकडचां पोतां आज सांजेक भिजत घालतंय. फाल्यां सकाळी गावच्या राखणदार देवाक पेरणीचां गाऱ्हाणां घालूक येवा. बियाण्यावर तुमचोच शब्द पडाक व्हयो.

गौरवी : काका, तुम्ही सांगता की मी सांगू?

कृष्णनाथ : मी सांगतो. शेवंती, ते पोतं भिजवू नको.

शेवंती : कित्याक?

कृष्णनाथ : भात जुनं आहे. वरची चिठ्ठी मी बदलली.

शेवंती : दादा, गेल्या साली बांध फुटलो, खारां पाणी शेतात शिरलां. तेव्हा ह्याच दारात तुमी म्हणालास, ‘पुढल्या साली तुझां शेत हिरवां करून देतंय.’ फाल्यां राखणदारापुढे काय बोलतलास? ‘खऱ्याक यश दी’?

कृष्णनाथ : राखणदारापुढे ते मला बोलवणार नाही. गौरवी, कागद दे. सही करतो. घरच्या कणगीत कोरगूट भाताचं बी आहे, खाऱ्या जमिनीत तगणारं. माझ्या शेतासाठी राखलेलं. ते हिला दिलं तर चालेल?

गौरवी : शेतकरी म्हणून घरचं बी द्या, अडचण नाही. चिठ्ठी मात्र कसलीच लावायची नाही.

शेवंती : माका आधी तळातली मूठ व्हयी. भिजवून बघतंय, मगेच पेरतंय.

कृष्णनाथ : तूच काढून घे. कणगीत हात घाल.

गौरवी : आणि तुमचं शेत?

कृष्णनाथ : यंदा पडीक राहील.

गौरवी : काका, तरीही मी केस मागे घेणार नाही.

कृष्णनाथ : घेऊ नको. सील घट्ट लाव.

शेवंती : मग गाऱ्हाणां कोण घालतलो?

कृष्णनाथ : दुसऱ्या कोणाला तरी सांग. मांद्र्याच्या आनंदीने नेलंय, सुदेशनेही नेलंय. ती पोती परत आल्याशिवाय मी देवापुढे तोंड उघडायचा नाही.

(तो दुकानाच्या चाव्या गौरवीच्या हातात देतो आणि स्कूटर काढतो.)

कृष्णनाथ : बस मागे, शेवंती. आधी कणगीकडे जाऊया.