सैल गाठ

मानमोडीचा ताप पुन्हा फिरकला, तेव्हा चौलच्या देवळात पंचांनी ठरवलं, तोंडाला फडकं बांधील त्यालाच कीर्तनाला सभामंडपात घ्यायचं. हरिकथा म्हटली की माझा पाय घरात ठरत नाही. उपरणं तोंडावर घट्ट बांधून मी रांगेत उभा राहिलो. पुढे कोळीवाड्यातल्या नीराबाई आणि त्यांची विधवा सून तुळशी.

“आये, बांधू द्या फडकं.”

“देवापुढं तोंड लपवून बसू? मी काय चोर हाय?”

“समदीच बांधून बसलीत.”

“बसू देत. मंग गजर काय नाकानं करतील?”

“न्हायतर भायेर बसा, त्या पिंपळाखाली.”

“तिथं झांज तेवढी ऐकू येते, बुवांचा शबूद न्हाय.”

“मंग बांधा की.”

“तुळशे, तोंड बांधतात ते मेलेल्याचं.”

“व्हय. तुमच्या लेकाचं मीच बांधलं, मागल्या मानमोडीत.”

रांग थोडी पुढे सरकली.

“ठाव हाय गो मला.”

“तवा आधी बांधा म्हनून सांगाया कुनी आलं न्हाय. आता घरात आपुन दोघीच. तुमचं मी जितेपनी बांधनार.”

“... बांध. पन गाठ सैल मार.”

“सैल कशाला?”

“बुवा गजर मागतील. विठ्ठल म्हनताना व्हट हलाया नकोत?”

मी मागे हात नेऊन माझ्या उपरण्याची गाठ जरा सैल केली.