जन्माआधीच्या दुरुस्त्या

बर्गनच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत आल्फ उभा होता. पुढे एकाच कचेरीतली दोघं भांडत होती.

"एस्किल, तुझ्या प्रोग्रॅमनं मला चोर ठरवलं! पुलाचा आराखडा माझा, आणि म्हणे मी तो आपल्या कचेरीतल्या इंग्विल्डचा ढापला!"

"रागनहिल्ड, प्रोग्रॅम फक्त फाइल कधी तयार झाली ते वाचतो. तिची एप्रिलची निघाली, तुझी मेची."

"मेमध्ये मला नवा कॉम्प्युटर मिळाला. त्यावर माझ्या जुन्या फाइली कुणी उतरवल्या?"

"मीच."

"कॉपी केली की तयार झाल्याची तारीख नवी पडते, हे ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"आणि माझा शेवटचा बदल कधीचा दिसतो?"

"फेब्रुवारीचा."

"म्हणजे फाइल जन्मायच्या आधीच मी तिच्यात दुरुस्त्या केल्या? शाबास! हे वरच्या साहेबांना का नाही सांगितलंस?"

"चूक माझी ठरली असती गं."

"म्हणून माझी ठरू दिलीस!"

बोट लागली. रांग सरकली.

"उद्या सांगतो सगळ्यांना. नक्की."

"माझी नोकरी आज गेलीय, एस्किल."

तो रांग सोडून कचेरीच्या दिशेनं मागे वळला. आल्फनं आपली पिशवी उचलून त्याला वाट करून दिली.